कापडाचं विमान आणि वाळवंटातलं ऊन

आमचं विमान कापडाचं आहे, असं आम्ही मंडळाच्या कोजागिरीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जमलेल्यांपैकी निम्म्या मंडळींना ती थट्टा वाटली. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "मग पाऊस आला की काय करता?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर विचारायला हवं होतं ते उन्हाबद्दल. तो प्रश्न त्यांनाही सुचला नाही आणि आम्हालाही सुचला नव्हता.

हकीकत अशी. नोकरीच्या निमित्ताने २००९ ते २०१७ अशी आठ वर्षं आमचा मुक्काम दक्षिण कॅलिफोर्नियात, पाम स्प्रिंग्जच्या बाजूच्या वाळवंटात होता. लॉस एंजेलिसच्या बाजूला भरणारे गणपती, नाटकं, संक्रांतीचं हळदीकुंकू हे सगळं दोन तासांच्या ड्राइव्हवर. शेजारीपाजारी गोल्फ खेळणारे निवृत्त लोक. जुलै-ऑगस्टमध्ये पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर सहज जायचा, म्हणजे आपल्या हिशेबाने त्रेचाळीस-चव्वेचाळीस. पापड वाळवायला इतकी उत्तम जागा पृथ्वीवर दुसरी नसेल!

आमच्यापैकी एक पार्ल्याची आणि दुसरा हडपसरचा. पार्ल्याच्या गच्चीवरून बॉम्बे फ्लाइंग क्लबची पुष्पक विमानं जुहूवर उतरताना दिसायची. हडपसरला शाळा सुटली की ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाला नाक लावून उभं राहायचं, हा नेम. पुष्पक हे आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेलं छोटं दोन सीटचं विमान. १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कित्येक वैमानिक त्याच्यावर शिकले. वर पंख, खाली पोट, आणि अंगावर कापड. लहानपणी ते कापड आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ग्लायडरला मात्र एकदा हात लावायला मिळाला होता, आणि तबल्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला होता, तो लक्षात राहिला.

तेव्हा २०१२ साली जवळच्या छोट्या विमानतळावर एक एरोन्का चॅम्प विकायला आहे असं कळलं, आणि पुष्पकची ही अमेरिकन मावशी पाहून आमचा दोघांचाही तोल गेला. १९४६ साली ओहायोतल्या मिडलटाउनच्या कारखान्यात तयार झालेलं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन, एकापाठी एक अशा दोन सीट्स. रंग झकास, वर गडद निळा आणि खाली पांढरा, आरशासारखी चकाकी. ओळखीच्या आणखी दोन मराठी कुटुंबांना पटवलं, तिघांत विमान घेतलं, नारळ फोडला. (नारळ चाकापाशी जमिनीवर फोडला, प्रॉपेलरवर नाही.)

मग प्रश्न आला ते ठेवायचं कुठे. हँगरचं भाडं महिन्याला तीनशे डॉलर आणि वर प्रतीक्षायादी. उघड्यावर दोरांनी बांधून ठेवायचे साठ डॉलर. तिन्ही घरांत एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इथे पाऊस तरी कुठे पडतो, असं आम्हीच मोठ्या तोंडाने म्हटलं होतं.

ज्यांनी अशी विमानं जवळून पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चॅम्पच्या धडाचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा, पंखांतल्या मुख्य तुळया स्प्रूसच्या लाकडाच्या आणि फासळ्या अॅल्युमिनियमच्या. या सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं. हवा ज्याच्यावर रेलते ते हेच कापड. रंगाला स्वतःची ताकद नसते. पूर्वी हे कापड सुती असे आणि त्यावर डोप नावाचं द्रव फासत. आजी लुगड्याला खळ करायची तसंच समजा, फरक इतकाच की डोप वाळताना कापड आवळून घेतो, ढोलकीच्या पुडीसारखं. आता सुती कापड फार थोडे लोक वापरतात. आता असतं ते पॉलिएस्टर, म्हणजे आपल्या लहानपणीच्या टेरिलीनच्या शर्टाचा सख्खा भाऊ. ते डोपने नव्हे तर इस्त्रीने आवळतं.

सुती काय, टेरिलीन काय, दोघांचाही वैरी एकच. उन्हातले अतिनील किरण धाग्याचे आतले दुवे तोडत जातात. खिडकीचा पडदा काही वर्षांनी धुवायला काढावा आणि हातात त्याच्या चिंध्या याव्यात, हा अनुभव घरोघरी असेल. म्हणून रंगाच्या खाली अॅल्युमिनियमची पूड मिसळलेले चंदेरी हात द्यायचे असतात. ती पूड म्हणजे एकावर एक पडलेले बारीक चपटे पापुद्रे. त्यांतून ऊन खाली जात नाही. वरचा निळा-पिवळा रंग हौसेसाठी, कापड जगवतो तो चंदेरी थर. आणि तोच कधी कुणाला दिसत नाही.

आमच्या विमानाचे चार उन्हाळे त्या डांबरी मैदानावर गेले. आम्ही त्याला धुवायचो, काच पुसायचो, दर थोड्या दिवसांनी दोर तपासायचो. एकदा हौसेने गाडीचं मेण लावलं. एकदा स्वस्तातली प्लास्टिकची ताडपत्री आणून पंखांवर अंथरली. सँटा अॅनाचे कोरडे वारे सुटले तशी ती रात्रभर फडफडली आणि तिच्याखालच्या वाळूने रंगावर काचकागद फिरवल्यासारखे पट्टे पाडले. तेव्हापासून ताडपत्री बंद. विमान दिसायला मात्र अजून झकास. निळा रंग किंचित विटला होता, एवढंच. दरवर्षीच्या तपासणीत मेकॅनिक अंगठ्याने दाबून बघायचा, मान डोलवायचा आणि सही करायचा.

२०१६ च्या वसंतात तो मेकॅनिक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक सत्तरीतले गृहस्थ आले. मितभाषी, आखूड पांढऱ्या मिशा. मुलं त्यांना ग्रॅम्पा म्हणू लागली, म्हणून आम्हीही. ग्रॅम्पांनी संध्याकाळी विमान त्यांच्या शेडमध्ये ढकलायला लावलं, दारं लावून दिवे घालवले आणि पंखाच्या पोटाच्या तपासणीच्या झाकणातून एक पेटता बल्ब आत सरकवला.

पंखाचा वरचा भाग उजळला. आतल्या फासळ्या ओळीने मोजता येत होत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, "आकाशकंदील!" ग्रॅम्पा गप्प. आम्हाला कळेना की यात गप्प होण्यासारखं काय आहे.

मग त्यांनी खिशातून एक स्प्रिंगचं उपकरण काढलं, सायकलच्या पंपाएवढं. त्याचं नाव मॉल टेस्टर. त्याचं बोथट टोक कापडावर दाबायचं आणि किती पौंडांना कापड फाटतं ते मोजपट्टीवर वाचायचं. आमच्या जातीच्या हलक्या, संथ विमानाच्या मूळ कापडाची ताकद इंचाला ६५ पौंड धरलेली असते, आणि जुनं होता होता ती ४६ पर्यंत उतरलेली चालते. त्याखाली नाही. पॉलिएस्टर नवं असताना या आकड्यांच्या कितीतरी वर असतं. ग्रॅम्पांनी पंखाच्या खालच्या, पांढऱ्या बाजूला एका ठिकाणचा रंग उतरवून टोक दाबलं. साठ, सत्तर, काही झालं नाही. मग शिडीवर चढून वरच्या निळ्या भागावर तसंच केलं. फट्ट! अडतीस. आणखी एका ठिकाणी, एकेचाळीस. पंख तोच, ठाण तेच, वय तेच. फरक फक्त एवढा की एका अंगाला चार वर्षं ऊन लागलं होतं आणि दुसऱ्याला सावली.

विकणाऱ्याने कधीतरी कापड नवं करताना चंदेरी हात जेमतेम एक, तोही पातळ दिला असावा. वजन वाचवायला की चकाकी लवकर आणायला, देव जाणे. त्याला दोष देऊन झालं, पण तो बल्ब विकत घेण्याआधीच आत घालणं आमच्या हातात होतं. आणि तीनशेऐवजी साठ डॉलर आम्हीच निवडले होते. गडद रंग जास्त तापतो, हे तर काळी छत्री घेऊन उन्हातून चालणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पंधरा दिवसांपूर्वीच, गुढीपाडव्याच्या सकाळी, याच विमानातून दोन्ही मुलांना एकेक करून आम्ही फिरवून आणलं होतं.

पुढचा प्रसंग लिहावा की नाही याचा आम्ही बराच विचार केला. तिसऱ्या दिवशी तिन्ही कुटुंबं आमच्या स्वयंपाकघरात बसली. चहा झाला. एकाने विषय काढला की नवं कापड म्हणजे दहा-पंधरा हजार डॉलर आणि दीड-दोन वर्षं. त्यापेक्षा भोकांवर ठिगळं लावू, दुसऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घेऊ आणि विमान विकून टाकू. "आपल्याला तरी कुठे कुणी सांगितलं होतं?" हे म्हणणारा माणूस वाईट नाही. आमच्या घरात आजारपण आलं तेव्हा महिनाभर त्याच्याकडून डबा येत होता. पण तो जे म्हणत होता ते आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. आवाज चढले. शेवटी त्या दोन्ही कुटुंबांचे वाटे आम्ही घेतले, घेतले त्याच्या निम्म्या किमतीला. आम्हाला ते महाग पडलं आणि त्यांना स्वस्तात गेलं असं वाटलं. अजून कोजागिरीला भेटतो, विमानाचा विषय मात्र दोन्ही बाजूंनी टाळतो.

ग्रॅम्पा म्हणाले, कापड चढवायचं शिकायचं असेल तर फ्लॅबॉबला जा.

उडवत नेणं शक्य नव्हतं. पंख उतरवले, जुन्या गाद्या अंथरून ट्रेलरवर आडवे बांधले आणि मे महिन्यातल्या एका पहाटे साडेतीनला निघालो. पहाटे का, तर पाम स्प्रिंग्जहून पश्चिमेला जायचं म्हणजे सॅन गॉर्गोनियोच्या खिंडीतून जावं लागतं. दोन उंच डोंगरांमधली ही चिंचोळी वाट, आणि तिच्यातून वारा इतका वाहतो की दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांची जंगलं उभी आहेत. अशा वाऱ्यात मोकळे पंख घेऊन जाणं म्हणजे छत्री उघडून लोकलच्या दारात उभं राहणं. ताशी चाळीस मैलांच्या वर गेलो नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. बोमाँटला साठ नंबरचा हायवे धरला, उघड्या टेकड्या उतरलो, आणि रिव्हरसाइड ओलांडून सँटा अॅना नदीपलीकडे रुबिडूला पोचलो तेव्हा उजाडत होतं.

फ्लॅबॉब हे नाव कानाला विचित्र लागतं. फ्लॅव्हिओ मादारियागा आणि बॉब बोगन या दोघांनी चाळीसच्या दशकात हा विमानतळ चालवायला घेतला आणि दोघांची नावं जोडून टाकली. आपल्याकडे घराला 'सुमनदीप' म्हणतात ना, तसंच. धावपट्टी एकच, सुमारे ३२०० फुटांची. नदीच्या पल्याड माउंट रुबिडूची खडकाळ टेकडी आणि तिच्या माथ्यावर क्रूस. तिथे १९०९ पासून ईस्टरच्या पहाटेची प्रार्थना होत आली आहे. या बाजूला पत्र्याच्या हँगरांच्या रांगा, काही इतक्या जुन्या की त्यांच्याकडे पाहून दादरच्या चाळी आठवाव्यात. दारं उघडी आणि प्रत्येक दारात कुणीतरी काहीतरी घासतंय, शिवतंय, रंगवतंय. २००० साली हा विमानतळ हातचा जाण्याच्या बेतात होता. टॉम वॉथेन नावाच्या उद्योजकाने आपल्या फाउंडेशनमार्फत तो घेतला आणि राखला. वॉथेन २०१६ मध्ये, म्हणजे आम्ही तिथे पंख घासत होतो त्याच वर्षी, वारले.

पण आमच्या दृष्टीने या गावाचं कुलदैवत म्हणजे रे स्टिट्स. हौशी विमानकारांच्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची पहिली शाखा इथली, आणि ती काढण्यात स्टिट्स पुढे होते. तरुणपणी पैज घेतल्यासारखं त्यांनी 'स्काय बेबी' नावाचं जेमतेम सात फूट पंखांचं विमान बांधून १९५२ मध्ये उडवून घेतलं होतं. पुढे साठच्या दशकात त्यांनी पॉलिएस्टरच्या कापडावर कुठला गोंद, कुठलं अस्तर, कुठला चंदेरी थर आणि कुठला रंग लावायचा याची अथपासून इतिपर्यंत पद्धत बसवली. तीच पॉली-फायबर. ती बसली या रिव्हरसाइडच्या उन्हात, हे आम्हाला अगदी योग्य वाटतं. स्टिट्स २०१५ मध्ये गेले. आमची भेट एका वर्षाने चुकली.

एक शनिवार-रविवार कार्यशाळा केली आणि मग एका हँगरचा कोपरा भाड्याने घेतला. पुढचं दीड वर्ष आमचे वीकएंड तिथे गेले. मुलांची सॉकर आणि मराठी शाळा सांभाळून, बरं का. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासात चहा.

जुनं कापड काढताना जे बघायला मिळालं त्याने उन्हाबरोबर पाण्याचीही भीती बसली. वाळवंटातलं विमान, पण शेपटीकडच्या खालच्या नळीला आतून गंज! पंखांच्या आणि धडाच्या पोटाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या विमानात शेपटीकडची दोन भोकं रंगाने बुजली होती. आम्ही नेमाने पाइप लावून धूत होतो ते पाणी तिथे साचत होतं. एका फासळीपाशी उंदराचं घरटं निघालं, आणि उंदराच्या मुताने अॅल्युमिनियम पांढरं पडून खड्डे पडलेले. गाडीच्या मेणाचाही हिशेब तेव्हाच कळला. ज्या मेणात सिलिकॉन असतं ते रंगाच्या थरांत बसतं आणि पुढे डागडुजी करायची झाली की त्या जागी नवा रंग धरत नाही. लाकडी तुळया मात्र भिंगाने इंच इंच पाहिल्या आणि निरोगी निघाल्या. त्या दिवशी आम्ही बाहेर जाऊन डोसे खाल्ले.

मग नवं कापड. कडा गोंदाने सांगाड्याला चिकटवायच्या आणि इस्त्री फिरवायची, आधी अडीचशे फॅरनहाइटवर आणि शेवटी साडेतीनशेवर. त्याच्या पुढे गेलात तर कापड आवळायचं सोडून सैल पडतं. इस्त्रीचा काटा खोटं बोलतो म्हणून तापमापक लावून खुणा करून घ्यायच्या. डोळ्यांदेखत सुरकुत्या जातात आणि टिचकी मारली की तोच हडपसरचा आवाज.

त्याच्यापुढची पायरी टाक्यांची. पंख वर उडताना वरच्या कापडाला हवा वर ओढते, म्हणून ते प्रत्येक फासळीला दोऱ्याने बांधायचं. पंख उभा करायचा, एकाने या बाजूला आणि दुसऱ्याने त्या बाजूला बसायचं आणि फूटभर लांबीची सुई आरपार देत-घेत दर अडीच-तीन इंचांवर गाठ मारायची. ऑक्टोबरात पुण्याहून आई सहा महिन्यांसाठी आल्या. पहिल्या शनिवारी त्या खुर्चीवर बसून नुसतं बघत होत्या. दुसऱ्या शनिवारी उठल्या, चष्मा पुसला आणि आमच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हा सैल आहे. हा पण. गोधडीला चालेल एक वेळ, याला कसं चालेल? उसवा."

आम्ही ग्रॅम्पांकडे पाहिलं. (त्यांचं घर फ्लॅबॉबपासून जवळ होतं, त्यामुळे शनिवारी ते हमखास यायचे. कामावर देखरेख परवाना असलेल्या मेकॅनिकची लागते, ती त्यांचीच.) त्यांनी वाकून गाठी पाहिल्या आणि उसवायला कात्री आणून दिली. त्या दिवसापासून आई आत, आम्ही आळीपाळीने बाहेर. शेकडो टाक्यांपैकी निम्म्याहून अधिक आईंचे आहेत. ग्रॅम्पा आणि आई यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दुपारी दोघं शेजारी बसून संत्री सोलायचे आणि आपापल्या भाषेत बोलायचे. रिव्हरसाइडची संत्री! इथल्या नेव्हल संत्र्याचं मूळ झाड १८७०च्या दशकात लावलेलं, अजून मॅग्नोलिया अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उभं आहे. कीड रोग घेऊन येऊ नये म्हणून त्याच्याभोवतीही आता आच्छादन उभारलं आहे. या गावाला झाकून ठेवायची विद्या येते, एवढं खरं.

टाके झाले, त्यांच्यावर पट्ट्या चिकटल्या, गुलाबी अस्तराचे हात झाले आणि चंदेरी रंगाची पाळी आली. फवाऱ्याचा एक हात आडवा, एक उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. मधे हलकेच घासायचं, पण टाक्यांच्या उंचवट्यांवर घासायचं नाही, नाहीतर तिथलाच थर जातो. प्रत्येक हातानंतर रात्र होईपर्यंत थांबलो आणि बल्ब आत घातला. तिसऱ्या रात्री एका फासळीपाशी पुसट उजेड दिसला. चौथ्या रात्री काही दिसलं नाही. मुलं हिरमुसली. "आकाशकंदील गेला?" गेला. वरचा रंग आम्ही चॅम्पचा मूळचा पिवळा आणि नारिंगी दिला. तो जुना म्हणून, आणि कमी तापतो म्हणूनही.

फ्लॅबॉबच्या हँगरांत रिकामा वेळ भरपूर असतो, तेव्हा इतिहासही कानावर पडतो. ही उन्हाची अडचण जुनीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची विमानं आधी साध्या पारदर्शक डोपची, फिकट पिवळसर दिसायची. लिननचं कापड उन्हाने लवकर जातं हे दिसल्यावर फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात लोहभस्म आणि काजळी घातलेला पीसी १० नावाचा लेप काढला, आणि मध्यपूर्वेतल्या प्रखर उन्हासाठी पुढे पीसी १२, विटकरी-तांबूस. जुन्या चित्रांतला तो मातकट हिरवा-तपकिरी रंग लपण्यासाठी असतो असं आम्ही समजत होतो. त्यात उन्हाशी झगडाही होता.

आणि आपलं जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानही कापडानेच मढवलेलं होतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात बुडायचं, तेव्हा टाटांची सगळी टपालसेवा बाडबिस्तरा उचलून पुण्याला जायची. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग सुती किंवा लिननच्या कापडाचं काय होत असेल! म्हणून तशा कापडाला पहिल्या हाताच्या डोपमध्येच बुरशीनाशक मिसळत. टेरिलीनला बुरशी खात नाही, त्याचं सगळं दुखणं उन्हाचं. म्हणजे पार्ल्याची आणि वाळवंटाची काळजी वेगवेगळी. लहानपणी गच्चीवरून पुष्पक बघताना पावसाळ्यात ती कुठे जायची, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

२०१७ मध्ये आम्ही घरही रिव्हरसाइडला हलवलं आणि २०१८ च्या वसंतात चॅम्प पुन्हा उडालं. आता ते नुसत्या छपराखाली असतं. तीन बाजू उघड्या, भाडं हँगरच्या निम्मं. ऊन बहुतेक वरूनच येतं, त्यामुळे छपराने मुख्य काम भागतं. सकाळचं तिरपं ऊन पूर्वेकडच्या पंखाला लागतं म्हणून विमान महिन्याआड फिरवून उलटं ठेवतो. बाहेरगावी मुक्काम पडला तर अंगाबरोबर शिवलेले पंखांचे अभ्रे नेतो. ते हवा खेळू देणारे आहेत, आणि घालण्याआधी धूळ धुतलीच पाहिजे असा घरात कायदा आहे. धुवायचं ते सौम्य साबणाने, ओल्या फडक्याने, पाइपचा मारा न करता. भोकं काडीने मोकळी आहेत ना ते मुलगी पाहते, उंदरांचा बंदोबस्त मुलाकडे. बाहेर बांधायचं झालं तर काथ्याचा दोर वापरत नाही. तो भिजला की आखडतो आणि पंखाला खाली ओढतो.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, काळोखात बल्ब. आत्तापर्यंत अंधार आहे. उजव्या पंखाच्या टोकाशी गेल्या वर्षी रंगाला वर्तुळाकार बारीक भेगा दिसल्या. बहुधा कुणाचं तरी कोपर लागलं असावं. तेवढा भाग घासून चंदेरी हात पुन्हा द्यायचा आहे. ग्रॅम्पांचे हात आता थरथरतात, फवारा आम्हीच मारू. पण ते खुर्ची टाकून बसणार आहेत आणि पुण्याहून आई व्हिडिओवर बघणार आहेत.

या बाजूला येणं झालं तर जरूर या. साठ नंबरवरून रुबिडूचा फाटा घेतला की पाच मिनिटं. शनिवारी सकाळी दहाच्या आत आलात तर कॅफेत जागा मिळते, आणि हँगरांची दारं उघडी असतात. लोक आनंदाने दाखवतात. विमानाला टिचकी मारून बघायची असेल तर आमच्या मारा, दुसऱ्यांच्या विमानाला आधी विचारून. आणि बोटातली अंगठी काढून.